सॅलिनोमायसिन १२ टक्के, दाणेदार, २५ किलोची बॅग: पाचपैकी चार

स्वतःचं खाद्य स्वतः बनवणाऱ्या ब्रॉयलरवाल्यांसाठी लिहितेय. सॅलिनोमायसिन म्हणजे कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीचा रोग) होऊ नये म्हणून कोंबडीच्या खाद्यात मिसळायचं औषध. ज्यांचं शेड कंपनीच्या करारावर आहे त्यांच्या बॅगेत हे औषध आधीच मिसळून येतं, त्यांनी मिक्सरचा भाग सोडून दिला तरी चालेल. टियामुलिनचा (हे पाण्यातून द्यायचं दुसरं औषध) आणि घोड्यांचा भाग मात्र त्यांनीही वाचावा.

ब्रँडचं नाव टाकत नाही. आजवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅगा वापरून झाल्या, आतला रेणू एकच असतो. फरक असतो तो दाण्यात, धुळीत आणि बॅगेवरच्या छपाईत. सध्या माझ्याकडं आहे ती दाणेदार बॅग. तपकिरी, रव्यापेक्षा थोडी बारीक, हातात घेतली तर तळव्याला चिकटत नाही, आणि वास आंबूस-मातकट. हा वास नवीन माणसाला खराब मालाचा वाटतो, पण तसं नाही. सॅलिनोमायसिन हे कारखान्यात रसायनं एकत्र करून बनवत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिस अल्बस नावाचे मातीतले जिवाणू टाकीत वाढवतात आणि तो सगळा आंबवलेला माल वाळवून त्याचे दाणे पाडतात. पहिल्या पावसात मातीला येतो तो वासही याच कुळातल्या जिवाणूंचा. १९७०च्या दशकात जपानच्या काकेन कंपनीनं हा रेणू शोधला, तेव्हापासून तो कोंबडीच्या खाद्यात आहे. पावडर ग्रेड स्वस्त पडते, पण तिची बॅग फोडली की मिक्सरजवळ उभं राहवत नाही. ही धूळ नाकातोंडात जाता कामा नये, डोळ्यांची आग होते. मास्क आणि हातमोजे दाणेदार मालालाही लागतातच.

डोसचा हिशेब सोपा आहे. १२ टक्के म्हणजे किलोमागं १२० ग्रॅम रेणू. टनाला ५०० ग्रॅम टाकलं की ६० ग्रॅम रेणू जातो, म्हणजे ६० पीपीएम (दहा लाख भागांत ६० भाग). आमचा मिक्सर ५०० किलोचा, त्याला २५० ग्रॅम. युरोपातली वरची मर्यादा ७० पीपीएम आहे. ८०-१००च्या घरात गेलात की पक्षी खाणं कमी करतो, वजन मागं पडतं. थोडक्यात, कामाचा डोस आणि त्रासाचा डोस यांत फार अंतर नाही. पॅरासिटामॉलची गोळी एकाच्या जागी दीड घेतली तर चालून जातं, तसं इथं धरू नका.

आता हे करतं काय. मी बी.एस्सी. केमिस्ट्रीची, त्यामुळं डिलरनं ‘कॉक्सीचं औषध आहे ताई, टाका’ एवढं सांगून माझं समाधान होत नाही. आणि खरं सांगायचं तर या मालाबद्दल जे जे चांगलं-वाईट पुढं लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीतून निघतं, म्हणून जरा दमानं वाचा.

कुठल्याही जिवंत पेशीच्या भोवती चरबीचा दुहेरी पडदा असतो, जाडी साधारण ४-५ नॅनोमीटर. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, बाहेर बरोबर उलटं. हा तोल राखण्यासाठी पडद्यात पंप बसवलेले असतात आणि ते रात्रंदिवस एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून सोडियम बाहेर फेकत असतात. सोडियम किंवा पोटॅशियमचा आयन आपणहून पडदा ओलांडू शकत नाही, कारण त्याच्यावर विद्युतभार असतो आणि अंगाभोवती पाण्याच्या रेणूंचं वेष्टन असतं. पाण्यात गुंडाळलेली, भार असलेली वस्तू चरबीत शिरत नाही.

सॅलिनोमायसिनचा रेणू लांबट आहे. अंगावर ठिकठिकाणी ऑक्सिजनचे अणू, एका टोकाला आम्लाचा गट. या गटातला प्रोटॉन सुटला की रेणू आयनाभोवती वळतो, दोन्ही टोकं एकमेकांना हायड्रोजन बंधानं चिकटतात आणि सगळे ऑक्सिजन आतल्या बाजूला येतात. आयन आपलं पाण्याचं वेष्टन सोडतो आणि त्याऐवजी या ऑक्सिजनच्या मधोमध बसतो. करंजीच्या कडा दाबून बंद कराव्यात तसं: सारण आत, बाहेरून नुसतं तेलकट. आम्लाचा उणे भार आणि आयनाचा अधिक भार यांची वजाबाकी शून्य. म्हणजे बाहेरून बघितलं तर भार नसलेली, तेलकट वस्तू. ती चरबीच्या पडद्यातून सरळ पलीकडं जाते, तिथं उघडते, आयन सोडते, एक प्रोटॉन उचलते आणि परत येते. पुन्हा तेच. रेणू संपत नाही, खर्च होत नाही, त्याला एटीपीही लागत नाही. जिकडं जास्त आहे तिकडून जिकडं कमी आहे तिकडं आयन आपोआप वाहतात, हा फक्त वाट करून देतो. अशा रेणूंना आयनोफोर म्हणतात.

प्रत्येक आयनोफोरची आवड वेगळी. सॅलिनोमायसिनचा ओढा पोटॅशियमकडं जास्त, मोनेन्सिनचा सोडियमकडं. लॅसॅलोसिडच्या तावडीत कॅल्शियमसारखे दोन भारांचे आयनही येतात. या बाबतीत सगळ्यांचा बाप व्हॅलिनोमायसिन. ते गोल कड्याच्या आकाराचं आहे, त्याला आम्लाचं टोकच नाही, त्यामुळं ते प्रोटॉनची अदलाबदल करत नाही, आयनाचा भार तसाच घेऊन पलीकडं जातं. त्याच्या कड्यात पोटॅशियम चपखल बसतो. सोडियम आकारानं लहान, कड्याच्या ऑक्सिजनपर्यंत त्याचे हात पुरत नाहीत, म्हणून तो आपलं पाणी सोडायला तयार होत नाही. निवड एवढी कडक की सोडियमच्या तुलनेत पोटॅशियम दहा हजार पटींनी पसंत. १९६४ साली प्रेसमन आणि मूर यांनी ते मायटोकॉन्ड्रियावर (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागावर) टाकून पाहिलं तेव्हा पोटॅशियम भराभर आत जाताना दिसलं आणि तिथून हा सगळा विषय उघडला. कोंबडीला ते देत नाहीत, पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातलं पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्राच्या इलेक्ट्रोडच्या पडद्यात ते बसलेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे ‘इलेक्ट्रोलाइट’ तपासायला तुम्ही जाता, तिथं बहुधा हाच चुलतभाऊ काम करत असतो.

परत शेडवर येऊ. आपला शत्रू आयमेरिया, कॉक्सी करणारा परजीवी. पक्ष्यांखाली अंथरलेल्या तुसातून पिल्लाच्या पोटात ऊसिस्ट (परजीवीचं अंड्यासारखं कवचबंद रूप) जातो, तो फुटून आठ स्पोरोझोइट बाहेर पडतात, प्रत्येक साधारण १० मायक्रॉनचा, केळ्याच्या आकाराचा. आतड्याच्या पेशीत शिरायच्या आधी तो थोडा वेळ आतड्यातल्या रसात उघड्यावर असतो. सॅलिनोमायसिन त्याला तिथं गाठतं. पडद्यात रेणू शिरले की आयनांची ये-जा सुरू होते, आत सोडियम साठतो, पंप जिवाच्या आकांतानं चालतात. स्पोरोझोइटकडं शिदोरी म्हणून साठवलेला थोडासा पिष्टमय पदार्थ असतो, तो यात संपून जातो. सोडियमच्या मागं पाणी आत येतं, तो फुगतो आणि फुटतो किंवा पेशीत शिरण्याआधीच निकामी होतो.

मग पिल्लू का मरत नाही? पडदे तर त्याच्याही पेशींना आहेत. एक तर डोस थोडा, आतड्याच्या पेशीकडं ताकदीचा साठा मोठा, आणि रक्तात जे काही शोषलं जातं ते यकृत भराभर मोडून टाकतं. यकृताची ही गोष्ट लक्षात ठेवा, टियामुलिनच्या वेळी लागेल.

यातून पहिली व्यवहाराची गोष्ट निघते. हे औषध रोग झाल्यावर द्यायचं नाही. तुसावर रक्त दिसलं की आपल्याकडं सर्रास ‘उद्याच्या मिक्सिंगला डोस डबल कर’ असं सांगतात. आयमेरिया टेनेलाचं रक्त दिसतं ते लागण झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी, तोवर परजीवी पेशींच्या आत वाढून पिढ्या काढून मोकळा झालेला असतो. त्यातून आजारी पक्षी खात नाही, पाणी मात्र पितो. म्हणजे डबल डोस पोचतो तो निरोगी पक्ष्यांच्या पोटात, आणि ती झाली विषबाधा. रक्त दिसलं तर डॉक्टरांना विचारून पाण्यातून द्यायचं टोल्ट्राझुरिल किंवा अँप्रोलियम. सॅलिनोमायसिन पहिल्या दिवसाच्या प्री-स्टार्टर खाद्यापासून बॅगेवर लिहिलेल्या विथड्रॉवलपर्यंत (पक्षी विकण्याआधी औषध बंद ठेवायचे दिवस) रोज, ठरलेल्या प्रमाणात.

दुसरी गोष्ट, हे सगळे परजीवी मारत नाही आणि ते बरंच आहे. माझ्याकडं कॉलेजच्या लिलावात घेतलेला जुना मायक्रोस्कोप आहे. मिठाच्या संपृक्त पाण्यात तूस-विष्ठा कालवून, गाळून थोडा वेळ ठेवली की ऊसिस्ट वर तरंगतात. काच ठेवून उचलायची आणि बघायचं. पावसाळी लॉटमध्ये चौथ्या आठवड्यात ते दिसतातच. औषध चालू असूनही दिसतात म्हणून शेजारचे दादा हादरले होते. पण हे थोडे निसटलेले परजीवीच पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार करतात. शिवाय या औषधाला वठणीवर आणायला परजीवीला एखादं प्रथिन बदलून भागत नाही, हल्ला थेट पडद्यावर असतो. क्विनोलोन गटातल्या कॉक्सीच्या औषधांना परजीवी बघता बघता पुरून उरले. मोनेन्सिनला अमेरिकेत कोंबडीसाठी परवानगी १९७१ साली मिळाली आणि आयनोफोर अजून चालू आहेत. धार कमी झालीय, संपलेली नाही.

पोस्टमॉर्टेम करून बघायची सवय लावून घ्या, कोणतंही लेबल वाचण्यापेक्षा ते जास्त सांगतं. मर नसली तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद-दुसरा मध्यम पक्षी उघडावा. आतड्याच्या सुरुवातीच्या वळणावर बाहेरूनच पांढऱ्या आडव्या रेघा दिसल्या तर असेर्व्हुलिना (आयमेरियाची एक जात). मधल्या भागात टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि आत नारिंगी चिकट स्राव असेल तर मॅक्झिमा. शेवटच्या दोन सीकम पिशव्या काळपट लाल, फुगीर, कापल्यावर गोठलेलं रक्त, ती टेनेला. ही बॅग चालू असताना माझ्याकडं रेघा तुरळक दिसल्या, सीकममध्ये रक्त दिसलं नाही. चार स्टारमधले तीन यासाठीच.

आता मिक्सरबद्दल, कारण निम्मे लोक औषधाला शिव्या देतात आणि दोष मिक्सरचा असतो. पहिल्या आठवड्यातलं पिल्लू दिवसाला २० ग्रॅम खाद्य खातं असं धरा. त्याला मिळायला हवं १.२ मिलीग्रॅम सॅलिनोमायसिन, म्हणजे या प्रिमिक्सचे (बॅगेतल्या मालाचे) १० मिलीग्रॅम. नखाच्या टोकावर मावेल एवढं. दाणा जाड, एखाद्या मिलीमीटरचा असेल, तर १० मिलीग्रॅममध्ये वीसेक दाणेच येतात. एका पिल्लाला दहा, दुसऱ्याला तीस. दाणा त्याच्या निम्म्याहून बारीक असेल तर काही शे दाणे होतात आणि वाटणी नीट होते. म्हणून दाणेदार म्हटलं की डोळे झाकून घेऊ नका, मूठभर माल बारीक चाळणीतून काढून बघा. एका कंपनीच्या बॅगेत मला वर जाड खडे राहिलेले दिसले, तो माल मी परत पाठवला. सध्याची बॅग यात पास.

२५० ग्रॅम थेट ५०० किलोत कधीच टाकायचे नाहीत. मी २० किलो दळलेल्या मक्यात आधी हातानं कालवते, व्हिटॅमिन-मिनरल त्यातच, मग ते मिश्रण मिक्सर अर्धा भरल्यावर टाकते आणि तेल सगळ्यात शेवटी. तेल आधी गेलं की दाणे जिथल्या तिथं चिकटून बसतात. आडव्या रिबन मिक्सरला ही पद्धत पुरते. उभ्या स्क्रूच्या मिक्सरवाल्यांनी वेळ बराच वाढवावा आणि तळाशी नळीत अडकून राहणारा माल पुन्हा वर टाकावा, नाहीतर पहिल्या पोत्यात काहीच नाही आणि शेवटच्या पोत्यात दुप्पट. मिक्सर तपासायचा स्वस्त उपाय मिठाचा आहे. एका घाण्यातून दहा जागचे नमुने काढून लॅबला मीठ मोजायला द्या. आकड्यांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असला तर मिक्सर ठीक. सॅलिनोमायसिन मोजून घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

तुसाच्या गादीचं काय ते थोडक्यात: औषध कितीही चांगलं असो, नीपलखाली (पाणी पिण्याच्या तोटीखाली) तूस ओलं असेल तर उपयोग नाही. ऊसिस्टला लागण करण्याजोगं व्हायला ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवस पुरतात. तूस हलवा, शेडचे पडदे वेळेवर उचला, गळकं नीपल बदला.

बाकी पर्यायांशी तुलना विचारणारे बरेच आहेत, म्हणून सांगते. मोनेन्सिन १०० ते १२० पीपीएम लागतं, जुनं आणि खात्रीचं, पण पावसाळ्यात सॅलिनोमायसिनवर आमचे पक्षी जास्त सारखे वाढले. लॅसॅलोसिडवर पक्षी पाणी जास्त पितो आणि तूस ओलं होतं, आमच्याकडं बोअरचं पाणी आधीच खारट, त्यामुळं मी त्या वाटेला जात नाही. कोरड्या उन्हाळ्यात कुणाला जमत असेल. मदुरामायसिन ५ पीपीएमवर काम करतं, टनाला रेणू फक्त ५ ग्रॅम. ऐकायला छान वाटतं, पण दुप्पट झालं की त्रास सुरू. घरच्या मिक्सरवर मी ते वापरणार नाही आणि तुम्हालाही सुचवणार नाही. नायकार्बाझिन आयनोफोर नाही, वेगळ्या जातीचं रसायन आहे, थंडीत उत्तम, पण आपल्या एप्रिल-मेमध्ये ते दिलं तर उष्माघाताची मर वाढते. म्हणून माझं चक्र साधं आहे: थंडीत स्टार्टरला नायकार्बाझिनवालं मिश्रण आणि फिनिशरला (शेवटच्या टप्प्याच्या खाद्याला) सॅलिनोमायसिन, पावसाळ्यात सुरुवातीपासून सॅलिनोमायसिन, उन्हाळ्यात मोनेन्सिन. वर्षभर एकच औषध चालवलं की परजीवी सरावतात.

टियामुलिन. ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नसेल त्यांनी निदान हा परिच्छेद वाचावा. सीआरडी (श्वसनाचा जुनाट रोग) आली, नाकातून पाणी, घरघर सुरू झाली की पाण्यातून टियामुलिन देतात. चांगलं औषध आहे. पण ते यकृतातल्या त्याच यंत्रणेला अडवतं जी सॅलिनोमायसिन मोडून टाकते. मग खाद्यातला नेहमीचा ६० पीपीएम डोस अंगात साठत जातो आणि आता आयनांची ये-जा पक्ष्याच्या स्वतःच्या स्नायूंत सुरू होते. सोडियम आत येतो, त्याच्यापाठोपाठ कॅल्शियम वाढतं आणि स्नायूचे तंतू खराब होतात. आमच्या भागातल्या एका शेडवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी पक्षी छातीवर पडलेले, पाय मागं ताणलेले, डोळे टक्क उघडे, शुद्ध पूर्ण. मान वळवून बघत होते पण उठता येत नव्हतं. मालक म्हणत होता लकवा आहे, मानमोडी आहे. डॉक्टर आले, पाण्याच्या टाकीजवळची पुडी बघितली आणि आधी खाद्य बदलायला सांगितलं. उतारा नाही यावर. टियामुलिन थांबवायचं, आयनोफोर नसलेलं खाद्य द्यायचं, व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमचा आधार द्यायचा आणि वाट बघायची. पुडी देणाऱ्यानं खाद्यात काय आहे हे विचारलं नव्हतं आणि यानं सांगितलं नव्हतं. मोनेन्सिन आणि नारासिन या आयनोफोरनाही हेच लागू. एरिथ्रोमायसिन, सल्फा देतानाही डॉक्टरांना खाद्यातलं औषध आधी सांगा. मी मिक्सरच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, म्हणजे मी घरी नसताना कुणी पुडी घेऊन आलं तरी वाचेल.

घोड्यांचं. दिवाळीनंतर आमच्या रानात मेंढपाळांचे वाडे उतरतात, आम्हीच मेंढ्या बसवायला बोलावतो. सोबत बिऱ्हाड वाहणारी घोडी असतात. शेडबाहेर सांडलेलं खाद्य, फाटकं पोतं, ही घोडी तोंड घालणारच. घोड्याला सॅलिनोमायसिन मारक आहे: किलो वजनामागं ०.६ मिलीग्रॅमच्या आसपास मात्रेत निम्मे घोडे दगावतात असं विषशास्त्रात नोंदलेलं आहे. अडीचशे किलोच्या घोडीचा हिशेब करा, १५० मिलीग्रॅम. आपल्या फिनिशरच्या किलोत ६० मिलीग्रॅम असतं. म्हणजे अडीच किलो खाद्य, एक पाटीसुद्धा नाही. आणि प्रिमिक्स म्हणाल तर सव्वा ग्रॅम, चिमूटभर. घोड्याचं अंग हा रेणू फार सावकाश बाहेर टाकतं आणि मार बसतो तो हृदयाच्या स्नायूवर. घोड्याला मोनेन्सिनची मारक मात्रा किलोमागं २-३ मिलीग्रॅम, कोंबडीला तेच मोनेन्सिन २०० मिलीग्रॅमच्या आसपास मारतं. यावरून फरक समजेल. टर्की आणि गिनी फाउल पाळणाऱ्यांनीही हे खाद्य त्यांना घालू नये. अंड्याच्या कोंबड्यांना तर नाहीच, अंड्यात उतरतं. १९९६ साली नेदरलँड्समध्ये मांजरांच्या तयार खाद्यात चुकून सॅलिनोमायसिन गेलं आणि शेकडो मांजरांचे पाय लुळे पडले. म्हणजे हे फक्त खेडेगावातल्या निष्काळजीपणाचं प्रकरण नाही, मोठ्या कारखान्यातही होतं.

आणि इथंच माझा एक स्टार कापलाय. बॅगेवर इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, शिलाईच्या जवळ ‘घोड्यांना देऊ नये’ असं छापलंय. बॅग उघडायला दोरा ओढला की ती ओळ फाटते. मराठीत, हिंदीत काही नाही, चित्र नाही. ज्या कामगाराच्या हातात बॅग असते तो इंग्रजी वाचत नाही. काट मारलेल्या घोड्याचं चित्र छापायला किती शाई लागते? टियामुलिनचा इशारा तर बॅगेवर नाहीच, आतल्या कागदावर आहे आणि तो कागद दाण्यांत गाडला गेलेला असतो. कंपनीला मेल केला होता, ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं.

हॉटेलवाल्या गिऱ्हाइकांकडून हल्ली प्रश्न येतो, ‘ताई, अँटिबायोटिक घालता का?’ याचं सरळ उत्तर देशागणिक बदलतं. अमेरिकेत आयनोफोर अँटिबायोटिकमध्ये मोजतात, त्यामुळं ‘अँटिबायोटिकविना वाढवलेली’ असं छापायचं असेल तर हे चालत नाही. युरोपनं २००६पासून वाढीसाठी अँटिबायोटिक बंद केले, पण कॉक्सीसाठी आयनोफोर चालू ठेवले. हे क्लॉस्ट्रिडियमसारख्या काही जिवाणूंनाही मारतं हे खरं आहे, आतड्याच्या दुसऱ्या त्रासाला त्याचा फायदाही होतो. माणसाच्या आजारात मात्र हे औषध वापरत नाहीत. मी गिऱ्हाइकाला आहे ते सांगते: कॉक्सीसाठी घालते, उचल व्हायच्या आधी बॅगेवर लिहिलेले दिवस साधं खाद्य देते. दोघं-तिघं दुसरीकडं गेले. २००९ साली कर्करोगाच्या पेशींवर सॅलिनोमायसिनचा प्रयोग गाजला होता, तो धागा पकडून ‘कोंबडी खा, कॅन्सर पळवा’ असले मेसेज कुणी पाठवले तर कृपया मला टॅग करू नका. तो प्रयोग काचपात्रातल्या पेशींवर आणि उंदरांवर होता, आणि माणसाच्या अंगात हा रेणू घोड्यासारखाच त्रास देऊ शकतो.

दराचं म्हणाल तर डिलरगणिक वेगळा असल्यानं आकडा लिहीत नाही. दाणेदार माल पावडरपेक्षा महाग आहे, पण टनाला अर्धा किलोच लागतो, त्यामुळं पक्ष्यामागं फरक पैशांत मोजण्याएवढा येतो. तेवढ्यासाठी धूळ खाऊ नका. २५ किलोत ५० टन खाद्य होतं, लहान शेडवाल्यांनी दोघा-तिघांत मिळून एक बॅग घ्यावी. मात्र सुटा माल प्लास्टिकच्या पिशवीत वाटून घेताना प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख लिहा, नाहीतर चुन्याच्या पुडीशेजारी तपकिरी पुडी कशाची हे सहा महिन्यांनी कुणाला आठवणार. घेताना उत्पादनाची तारीख बघा, आतली प्लास्टिकची पिशवी अखंड आहे का बघा. ओल लागलेला माल गोळे धरतो, ते गोळे फोडून मिसळत बसू नका, परत द्या.

ज्यांच्याकडं घोडं, खेचर किंवा टर्की एकाच आवारात आहे आणि खाद्याला कुलूपबंद खोली नाही, त्यांनी ही बॅग घेऊच नये. डॉक्टरांशी बोलून डिक्लाझुरिल या कॉक्सीच्या दुसऱ्या औषधावर जावं. ते थोडं महाग आणि त्याला परजीवी लवकर सरावतो, पण घोडं वाचेल. बाकी ब्रॉयलरवाल्यांनी पावसाळ्यासाठी बिनधास्त घ्या. मी पुढच्या लॉटलाही हीच मागवलीय, फक्त डिलरला सांगितलंय की बॅगेवर मराठीत मोठ्या अक्षरांचं स्टिकर मारून दे, स्टिकर मी छापून देते.